पंच पोचेपर्यंत

माझा दादा व्हॉलीबॉलचा पंच आहे. नेटच्या टोकाला जी उंच लोखंडी खुर्ची असते, तिच्यावर तो गेली कित्येक वर्षं बसतोय आणि माझ्या मते एकदा चढला तो तिच्यावरून पुन्हा उतरलेलाच नाही. घरी जेवायला बसला तरी आमच्या ताटांकडे वरूनच बघतो. वहिनीने वाढताना हात आखडला की भुवई उंचावतो, पोरांनी आवाज केला की तळहात दाखवतो. तोंडाने बोलायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटतो.

मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन मापं घेते, शिवते आणि दांड्यांसकट बसवून देते. त्यासाठी माझ्याकडे एक जुनी व्हॅन आहे. त्या आठवड्यात दादाची गाडी गॅरेजमध्ये होती आणि महिलांच्या विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना लांबच्या गावी होता, म्हणून त्याला माझी आठवण झाली. एरवी माझ्या व्हॅनला तो ‘तुझा तो डबा’ म्हणतो.

सामन्याच्या आदल्या दुपारी मी त्याच्याकडेच होते, तेव्हा स्पर्धेच्या सचिवांचा फोन आला. उद्या सकाळी दाट धुकं पडणार असं सगळीकडे सांगताहेत, तेव्हा आजच संध्याकाळी येऊन राहा, खोली ठेवली आहे. दादाने विचारलं, खोलीत आणखी कोण? सचिव म्हणाले, तुमचे दुसरे पंच. आणि जेवण? जेवण हॉलच्या मागेच, सगळ्यांचं एकत्र.

“खेळाडूंच्या पंगतीत पंच बसत नाही,” दादा म्हणाला आणि फोन ठेवला. मग मला म्हणाला, “पंचाने अंतर राखायचं असतं.”

“राख की. पण तिथे जाऊन राख.”

“तुला खेळातलं काय कळतं?”

खेळातलं मला फारसं कळत नव्हतं, हे खरं. पण धुक्यातलं कळत होतं. पहाटे निघायचं ठरलं. मी अंधारातच व्हॅन घेऊन दारात उभी राहिले, तर साहेबांची पांढरी पँट इस्त्री होत होती. वहिनीने केलेली इस्त्री पसंत पडली नाही म्हणून ती पुन्हा होत होती. मग बूट. मग सावकाश अंडं-टोस्ट, दोन कप चहा. घालून बसलं तर चुरगळेल म्हणून खेळाची पँट हँगरला लावून त्याने माझ्या पडद्याच्या दांडीला टांगली, आणि आम्ही उजाडल्यावर निघालो.

वाटेत दुसऱ्या पंचाला घेतलं. या गृहस्थाला सगळी मंडळी ‘मम’ म्हणतात, कारण दादा काहीही बोलला तरी हा ‘मम’ म्हणायला तयार. पतपेढीतून निवृत्त झालेला, सडपातळ, सभ्य माणूस. माझ्याशी ‘ताई, ताई’ करून बोलतो. तो मागे दांड्यांच्या भाऱ्याशेजारी, गुडघे हनुवटीला लावून बसला आणि वळण आलं की त्याच्या डोक्यावर दादाची पँट झुलायची.

शहर संपलं आणि धुकं लागलं. मी आयुष्यात बरंच धुकं पाहिलंय, पण हे म्हणजे काचेवर कुणी अस्तराचं कापड ताणून लावावं तसं. व्हॅनचं नाक दिसेना. मी पायीच चालतेय अशा वेगाने गाडी हाकत होते.

“जरा दाब की,” दादा म्हणाला.

“काय दिसतंय तुला पुढे?”

“मला स्पष्ट दिसतंय.”

“सरांची नजर मोठी तेज आहे,” मागून मम.

त्या तेज नजरेने पुढच्याच क्षणी मला डावीकडे घ्यायला सांगितलं. डावीकडे दगडी कठडा होता. आरसा घासला. त्यानंतर मी गाडी बाजूला लावली आणि जाहीर केलं की कुणीतरी उतरून पुढे चालल्याशिवाय मी एक चाक हलवणार नाही.

“मम उतरेल,” दादा म्हणाला.

मम उतरला. हातात माझी विजेरी घेऊन तो बिचारा रस्त्याच्या कडेकडेने चालू लागला आणि मी त्याच्या मागे. हळू, पण सरळ चाललो होतो. असंच चालू राहिलं असतं तर उशीर झाला असता खरा, पण लाज गेली नसती. दादाला मात्र चैन पडेना. घड्याळ बघ, चुकचुक कर, ‘याला नेतृत्व नाही’ म्हण. शेवटी तो स्वतः उतरला, ममला गाडीत बसवलं आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरून माझ्यापुढे रस्त्याच्या मधोमध चालायला लागला.

आणि त्याने शिट्टी वाजवली.

समोरून एक ट्रक येत होता. ट्रकवाल्याला धुक्यातून काय दिसलं असेल? पांढरा शर्ट, ताठ हात, करकरीत शिट्टी. त्याने जागच्या जागी ब्रेक दाबला. त्याच्या मागचा थांबला, त्याच्या मागचा थांबला. आमच्याही मागे कुठून कुठून गाड्या येऊन चिकटल्या. ट्रकवाला खाली उतरून हातात कागदपत्रं घेऊन आला आणि दादाला म्हणाला, “साहेब, सगळे पेपर ओके आहेत.”

इथे कुणीही शहाण्या माणसाने ‘मी पोलीस नाही हो’ म्हणून विषय संपवला असता. दादाने कागद बघितले. देवाशपथ सांगते, त्याने ते नीट उलटून बघितले आणि मान हलवली. तेवढ्यात मागच्या एका जीपवाल्याने ट्रकला वळसा घालायचा प्रयत्न केला आणि तो आमच्या व्हॅनसमोर आडवा येऊन रुतला. दादाने त्याला शिट्टी मारली. त्या शिट्टीने आणखी चारजण थांबले.

धुकं विरायला लागलं, ऊन खाली उतरलं, झाडं दिसली, शेताचे बांध दिसले, आणि त्या लख्ख उन्हात दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या. मधोमध माझा दादा, हात पसरून. सचिवांचे फोन येत होते आणि तो प्रत्येक वेळी सांगत होता, “धुकं भयंकर आहे. काही दिसत नाही. अर्ध्या तासात पोचतो.” मी उन्हाने डोळे किलकिले करून ते ऐकत होते. शेवटी दोन-चार ट्रकवाल्यांनीच एकमेकांना हाका मारून गाड्या मागे-पुढे केल्या, जीप उचलून बाजूला ठेवली आणि दादाला सांगितलं, “साहेब, तुम्ही आता बसा.”

आता जिथे आमची वाट बघत होते तिथली हकीगत सांगायला हवी. ती मला नंतर तिथल्याच लोकांकडून कळली.

सामना सकाळी दहाचा. यजमान संघ गावातलाच. त्यांची कॅप्टन अग्निशमन दलात नोकरीला, अंगाने ही उंच, म्हणून सगळे तिला ‘शिडी’ म्हणतात, आणि तीही त्या नावाला ओ देते. पाहुण्या संघाची कॅप्टन एका शाळेत गणित शिकवते. संघातल्या निम्म्या पोरी तिच्याच जुन्या विद्यार्थिनी, त्यामुळे तिला कोर्टवरही ‘बाई’च म्हणतात. हा पाहुणा संघ आदल्या संध्याकाळीच येऊन हॉलमध्ये व्यायामाच्या गाद्या टाकून झोपला होता, आणि त्याला कारण होतं. गेल्या वर्षी याच स्पर्धेत, अशाच धुक्यात त्यांची बस अडकली. वीस मिनिटं उशिरा, धावत, खांद्यावर बॅगा घेऊन त्या दारात आल्या, तेव्हा उंच खुर्चीवर आमचे बंधुराज बसले होते. पंधरा मिनिटांचा नियम आहे, म्हणाले, आणि सामना समोरच्या संघाला बहाल केला. त्या दिवशी घरी येऊन त्याने ही गोष्ट आम्हाला चवीने सांगितली होती. एक पोरगी रडायला लागली म्हणे. दादाने तिच्या रडण्याची नक्कलही करून दाखवली. वहिनी उठून आत गेली होती, एवढं मला आठवतं.

तर या वर्षी दोन्ही संघ वेळेच्या आधी हजर, प्रेक्षक हजर, चेंडू हजर, आणि पंचांचा पत्ता नाही. अंग गरम करून झालं, पुन्हा थंड झालं. सचिव दर थोड्या वेळाने येऊन ‘निघालेत, निघालेत’ म्हणायचे. दीड तास गेल्यावर शिडी नेटखालून वाकून पलीकडे गेली आणि बाईंना म्हणाली, “माझी दुपारनंतर ड्युटी आहे. तुमची बसही संध्याकाळची. काय करायचं?”

“खेळायचं,” बाई म्हणाल्या.

“पंच?”

“ज्याची चूक त्याने हात वर करायचा. जमेल तुमच्या लोकांना?”

शिडी म्हणाली, “तुमच्यांना जमत असेल तर आमच्यांना का नाही?” आणि उंच खुर्ची रिकामी ठेवून त्यांनी सामना सुरू केला. सचिवांनी ‘असं करता येत नाही’ म्हणून हात वर केले, तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “सचिवांनी हात वर केला! सचिवांची चूक!” ते जे खाली बसले ते बसलेच.

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा दोन-दोन सेट झाले होते आणि शेवटचा पाचवा चालू होता. आतून एवढा गलका येत होता की दादाला आधी वाटलं, लोक चिडलेत. तो व्हॅनच्या मागच्या बाजूला इस्त्रीची पँट चढवत होता. मी पुढे जाऊन दारातून डोकावले. माझ्या समोर एका पोरीने चेंडू उचलला, लगेच स्वतःच हात वर करून म्हणाली, “दोनदा लागला,” आणि चेंडू पलीकडे देऊन टाकला. कुणी वाद घातला नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. जणू रोजचंच आहे. फळ्यावर अकरा-अकरा लिहिलं होतं. खेळातलं न कळणाऱ्या मला एवढं कळलं की इथे काहीतरी फार चांगलं चाललंय, आणि आपण ते मोडणारा माणूस गाडीतून आणलाय.

शिट्टी झाली. सगळ्या थबकल्या. सवयच तशी.

“हा सामना रद्द,” दादा कोर्टच्या मध्यभागी जाऊन म्हणाला. “पहिल्या सेटपासून पुन्हा सुरू होईल.”

घामाने निथळणाऱ्या बारा बायका त्याच्या कडक पांढऱ्या पँटकडे बघत होत्या.

“सर, आम्ही दोन तास खेळतोय,” शिडी म्हणाली.

“पंचाशिवाय जे झालं त्याला खेळ म्हणत नाहीत.”

“तुम्हाला उशीर झाला, सर.”

“पंच आल्याशिवाय सामना सुरूच होत नाही,” दादा शांतपणे म्हणाला. “त्यामुळे पंचाला उशीर होऊ शकत नाही. उशीर फक्त संघांना होतो.”

“बरोबर आहे,” मम म्हणाला, पण आवाज जरा बसलेला होता. सकाळच्या चालण्याने असेल.

बाई पुढे आल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मध्यम उंची, केसांत चांगल्या पांढऱ्या बटा, मनगटाला पट्टी. त्या म्हणाल्या, “गेल्या वर्षी आमची बस धुक्यात अडकली होती, सर. आठवतं?”

“नियम आठवतो.”

“आज तुम्ही कशात अडकलात?”

“धुक्यात,” दादा म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी तोंड उघडणार होते. पण तेवढ्यात सचिव मध्ये पडले. आता सचिव म्हणजे असा माणूस की दोन्ही हातांनी दोन्ही बाजू धरून ठेवतो आणि शेवटी खुर्चीच्या बाजूला कलतो. ते म्हणाले, सरांचं बरोबर, पण हॉल चारला रिकामा करायचाय. तेव्हा झालं ते झालं, उरलेला सेट सरांच्या देखरेखीखाली पुरा करावा, म्हणजे निकाल संघटनेला मान्य होईल. नाहीतर दोन्ही संघ बाद.

शिडी आणि बाई नेटपाशी गेल्या. दोघींनी डोकी जवळ आणून काहीतरी कुजबुज केली. बाईंना हसू आलं ते त्यांनी मनगटाच्या पट्टीत पुसलं. मग शिडी म्हणाली, “चालेल, सर. चढा.”

दादा चढला. हरभऱ्याच्या झाडावर तो रोजच असतो, आज नुसता लोखंडावर. वर बसून त्याने पँटची घडी सारखी केली आणि शिट्टी दिली.

पहिल्याच चेंडूला पाहुण्यांकडून जोरात फटका आला. शिडीने उडी मारून हात आडवे धरले, चेंडू तिच्या बोटाला पुसटसा लागून बाहेर गेला. मला खालून आवाज ऐकू आला, टिचकीसारखा. दादाने चेंडू सरळ बाहेर गेला असं ठरवून यजमानांना पॉइंट दिला. बारा-अकरा.

शिडीने हात वर केला. “सर, माझ्या बोटाला लागला. पॉइंट त्यांचा.”

“लागला नाही.”

“बोट माझं आहे, सर.”

“निर्णय माझा आहे,” दादा म्हणाला. “सर्व्हिस करा.”

यजमानांच्या ज्या पोरीच्या हातात चेंडू होता तिने शिडीकडे बघितलं. शिडीने मान हलवली. त्या पोरीने चेंडू उडवला आणि थेट नेटच्या मुळाशी मारला. एवढ्या खाली, की लहान मूलही मुद्दाम मारल्याशिवाय मारणार नाही. बारा-बारा. प्रेक्षकांत हशा पिकला.

“अजून एक!” बाईंनी पलीकडून हिशेब सांगितला. “आम्ही एकने पुढे असायला हवं.”

“माहितेय हो, बाई,” शिडी म्हणाली.

आता सर्व्हिस बाईंच्या संघाची. चेंडू अलगद वरून आला, आणि यजमानांच्या सहाही जणी हात पाठीमागे बांधून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तो मधोमध पडला, टप्पा खाऊन दादाच्या खुर्चीच्या पायाला लागला. बारा-तेरा. लोक बाकांवर उभे राहिले.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने खिशातून पिवळं कार्ड काढून शिडीला दाखवलं. तिने कमरेत वाकून नमस्कार केला. मग त्याने खाली ममकडे बघितलं. “हे चालतं का? मुद्दाम चेंडू सोडणं? नियम काय म्हणतो?”

ममने घसा खाकरला. इतक्या वर्षांत त्याने दादाला जे कधी ऐकवलं नव्हतं ते ऐकवलं. “सर, चेंडू सोडायला बंदी नाही.”

“बंदी नाही?”

“नाही, सर. मी नियम पुष्कळदा वाचलाय.”

खेळ पुढे सुरू झाला. एक लांबलचक रॅली झाली, या बाजूने त्या बाजूला, जमिनीला टेकता टेकता उचललेले चेंडू, आणि शेवटी पाहुण्यांच्या एका पोरीने नेटजवळून चेंडू खाली दाबला. दादाने पॉइंट दिला. बारा-चौदा. आता पाहुण्यांना आणखी एक पॉइंट मिळाला की सामना त्यांचा.

त्याच पोरीचा हात वर गेला. “मी नेटला लागले, सर. कोपर लागलं.”

“मी पाहिलं नाही.”

“पण लागलं.”

“मी पाहिलं नाही म्हणजे लागलं नाही!” दादा इतका जोरात ओरडला की खुर्ची हलली. “गप्प खेळा.”

चेंडू बाईंच्या हातात आला. सर्व्हिस त्यांचीच होती. हिशेब सोपा होता, मलाही करता आला. मुळात तेरा-तेरा व्हायला हवे होते, तर बाईंना दोन पॉइंट परत करायचे होते. जिंकायला एक हवा असताना. त्या रेषेमागे उभ्या राहून चेंडू आपटत राहिल्या. एकदा वर खुर्चीकडे बघितलं. माझ्या मनात आलं, मार बाई, मार सरळ, तुझं गेल्या वर्षीचं देणं आहे याच्याकडे, घे वसूल करून. कुणी तुला नावं ठेवणार नाही. यजमानांच्या बाजूलाही तसंच वाटत असावं, कारण शिडीने हिशेब मागितला नाही, नुसती गुडघे वाकवून तयार उभी राहिली.

नेटला लागलेली ती पोरगी मागे वळून हळूच म्हणाली, “बाई, राहू दे ना. त्यांनीच दिलाय.”

“हात कशाला वर केलास मग?” बाई वर्गात विचारावं तसं म्हणाल्या. पोरगी पुढे वळली.

बाईंनी चेंडू नेटमध्ये मारला. त्यानंतरची यजमानांची सर्व्हिस आपल्या दोन खेळाडूंच्या मधून जमिनीवर पडू दिली. चौदा-चौदा.

तिथून पुढे वर कुणी बसलंय हे त्या विसरूनच गेल्या. दादा शिट्ट्या वाजवत होता, हात दाखवत होता, पण चेंडू मेला की दोन्ही बाजू आधी एकमेकींकडे बघायच्या, मान हलायची, आणि मगच फळ्यावरचा आकडा बदलायचा. खुर्चीवर दादाऐवजी एखाद्या दुकानातला कपड्यांचा पुतळा ठेवला असता तरी सामन्याचं काही बिघडलं नसतं, आणि पुतळा निदान गप्प बसला असता.

पाहुणा संघ हरला. सोळा-चौदा. शेवटचा फटका शिडीचाच, बाईंच्या हातावरून उडून मागच्या भिंतीवर गेला. बाई जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. त्यांच्या पोरी त्यांच्याभोवती बसल्या. गोड वगैरे काही नव्हतं त्यात. त्या हरल्या होत्या आणि त्यांना वाईट वाटत होतं.

सामना संपल्यावर दोन्ही संघांनी एकमेकांशी आणि मग पंचांशी हात मिळवायचा असतो. दादा खुर्चीवरून उतरून हात पुढे करून उभा राहिला. रांग नेटच्या कडेने आली, एकमेकींच्या हातांना हात लावत, त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि ममपाशी थांबली. प्रत्येकीने ममशी हात मिळवला. मम लाजून अर्धा झाला होता. दादाने पुढे केलेला हात हळूच वळवून घड्याळ बघितल्यासारखं केलं.

एवढ्यावर माणसाने गपचूप घरी जावं की नाही? पण बक्षिसं वाटायला येणारे प्रमुख पाहुणे दादाने केलेल्या त्या कोंडीत अडकून अर्ध्या वाटेवरून परत गेले होते, आणि सचिवांनी ती जागा दादाला दिली. दादाने ती घेतली. आणि भाषण केलं. विषय कोणता? वक्तशीरपणा. ‘खेळाडूच्या अंगी वेळेची शिस्त हवी,’ असं सुरू करून त्याने आज निसर्गाशी दोन हात करत आपण कसे पोचलो ते सांगितलं. टाळ्या झाल्या. अशा वाजल्या की थांबेचनात. तो पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडायचा आणि टाळ्या पुन्हा सुरू व्हायच्या. बारा खेळाडू, सगळे प्रेक्षक, अगदी मन लावून. चार-पाच वेळा असं झाल्यावर त्याला वाटलं लोक खूश आहेत, आणि तो हात जोडून खाली बसला. फोटोच्या वेळी दोन्ही संघ मिसळून एकत्र उभे राहिले. फोटो काढणारे बाईंचे मिस्टर होते. ते फार नम्रपणे म्हणाले, “सर, जरा बाजूला होता का? चषक झाकला जातोय.”

परतीच्या वाटेवर दादा पुढे बसून बोलत होता. खेळाडूंमध्ये शिस्त उरली नाही, पण आपण वेळेवर हस्तक्षेप केला म्हणून सामना हाताबाहेर गेला नाही. मागून नेहमीसारखा होकार आला नाही. आरशात बघितलं तर मम खिडकीबाहेर बघत होता. दादाने मान वळवून विचारलं, “काय?”

“मला पुढच्या चौकात सोडा, ताई,” मम मला म्हणाला. “मी जाईन तिथून.”

घरी दादाने वहिनीला सगळं सांगितलं, म्हणजे त्याचं सगळं. मी चहा घ्यायला थांबले होते. वहिनी स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकली आणि मला विचारलं, “खरं काय झालं?” मी सांगितलं. ट्रकवाल्याचे कागद तपासले इथवर आले तेव्हा तिने पदराचा बोळा तोंडात धरला. नेटमध्ये मारलेल्या चेंडूवर मात्र ती हसली नाही. पुन्हा एकदा सांगायला लावलं.

संघटनेने काय केलं म्हणाल, तर दोन्ही संघांना ताकीद दिली. पंचांच्या अनुपस्थितीत खेळ सुरू केल्याबद्दल. पंचांना काही नाही. धुक्याला कोण काय करणार?

पण दोन-तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला. माझा नंबर ममने दिला होता. शाळेच्या हॉलला पडदे करायचे होते, आणि त्या रविवारी शिडीचा संघ तिकडे खेळायला येणार होता, आपला आपणच, चषक नाही, सचिव नाही. मापं घ्यायला त्याच दिवशी या, म्हणाल्या. मी गेले. वहिनीला बरोबर घेतलं.

मला वाटलं होतं, पुन्हा तोच सोहळा बघायला मिळेल. छे. दुसऱ्याच सेटमध्ये एक चेंडू रेषेवर पडला की रेषेबाहेर यावरून जी जुंपली, ती काही विचारू नका. शिडी म्हणे बाहेर, बाई म्हणे आत. हात कुणीच वर करेना. दोघी जमिनीवर गुडघे टेकून ती जागा बोटांनी दाखवत होत्या, बाकीच्या दहा जणी एकदम बोलत होत्या, आणि आम्हालाही विचारून झालं. वहिनी म्हणाली आत, मी म्हणाले बाहेर. मी तोवर दोन खिडक्यांची मापं घेऊन टाकली. शेवटी शिडी कंटाळून म्हणाली, “पुन्हा खेळू या हा पॉइंट,” आणि बाई म्हणाल्या, “चेंडू आतच होता. पण खेळू या.”